जुनी डिस्क, नवं गिऱ्हाईक: वाचक विचारतात

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, घरात पडून असलेले व्हिडिओ गेम ऑनलाइन विकायचे असतील आणि काही अडलं असेल तर लिहा. वाटलं चार-पाच जण लिहितील, पण एवढे मेसेज आले की दोन रविवार त्यातच गेले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळं ज्यात बाकीच्यांचाही प्रश्न सुटंल असे निवडलेत. नावं कुणाचीच छापत नाही, काहींनी स्वतःच सांगितलंय की घरात कळलं तर वांदे होतील.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएस४ च्या (सोनीचं प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) ११ डिस्क आहेत, त्यात ४ फिफा, जीटीए फाइव्ह, रेड डेड रिडम्प्शन २, गॉड ऑफ वॉर, क्रिकेट १९ आणि अजून काही. सगळ्या एकदम विकू का सुट्ट्या? दोन आठवडे झाले ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर टाकून, "अव्हेलेबल है क्या" आणि "लास्ट किती" याच्या पुढं कोण सरकंना. — एक विद्यार्थी, राजारामपुरी

भावा, तुझी जाहिरात मी शोधून बघितली (तू लिंक दिली होतीस म्हणून, नाहीतर सापडली नसती). एकच फोटो आहे, ११ डब्यांची चवड, बेडशीटवर, वर ट्यूबलाइटचा झगझगाट, आणि खाली लिहिलंय "पीएस४ गेम्स फॉर सेल, प्राइस डीएम". आता तू गिऱ्हाईक हो आणि सांग, यातनं तुला काय कळलं? डिस्क कशा आहेत ते कळलं नाही, किंमत कळली नाही, तू कोल्हापुरात कुठं राहतोस ते पण नाही. मग लोक "लास्ट किती" विचारणार नाहीत तर काय करणार, तू पहिली किंमतच सांगितली नाहीस.

आधी फिफाचं बोलू, कारण वाईट बातमी आधी दिलेली बरी. दरवर्षी नवा निघणारा स्पोर्ट्स गेम म्हणजे कॅलेंडरासारखा असतो, डिसेंबर संपला की भिंतीवरनं उतरला. त्यात गेम काढणाऱ्या ईए कंपनीनं फिफा हे नावच सोडलं, फिफा २३ हा शेवटचा आणि २०२३ पासून तोच गेम एफसी २४, एफसी २५ अशा नावानं येतोय. म्हणजे तुझ्या चारी डिस्क आता जुन्या नावाच्या, जुन्या टीमच्या, आणि जुन्या वर्षांचे ऑनलाइन सर्व्हर कंपनी एकेक करून बंद करत असते. त्यांना सुट्टं गिऱ्हाईक मिळणं अवघड. त्या चारी तू दुसऱ्या चांगल्या गेमबरोबर "यावर हे फ्री" म्हणून लाव, वांग्यावर कोथिंबीर देतात तसं.

याच्या उलट स्टोरीवाले गेम. गॉड ऑफ वॉर २०१८ चा आहे, रेड डेड पण २०१८ चा, पण ज्यानं खेळला नाही त्याला तो आजही नवाच. हे सुट्टे विक. आणि एक गोष्ट जाहिरातीत ठळक लिही, या डिस्क पीएस५ वर पण चालतात. पीएस४ च्या जवळपास सगळ्या डिस्क पीएस५ घेतो, फक्त तो डिस्कच्या खाचेवाला पाहिजे, डिजिटल एडिशन असंल तर नाही. निम्म्या गिऱ्हाइकांना हे माहीतच नसतं आणि ते तुझी जाहिरात "आपल्याकडं फाइव्ह आहे" म्हणून सोडून जातात.

रेड डेडचा डबा आत्ताच्या आत्ता उघडून बघ. त्यात दोन डिस्क असतात, एक डेटा आणि एक प्ले. डेटावाली एकदाच, गेम इन्स्टॉल करायला लागते, मग माणसं ती कुठंतरी ठेवून विसरून जातात आणि वर्षभर प्लेवालीच घालून खेळतात. विकताना डबा देतात, घेणारा घरी जातो, आणि रात्री ११ ला फोन, "दादा दुसरी डिस्क कुठाय". द लास्ट ऑफ अस पार्ट टू चं पण असंच आहे.

आता डिस्क बघायची कशी. ट्यूबखाली सपाट धरून काही दिसत नाही. खिडकीजवळ जा, डिस्क कडेला धरून तिरकी कर आणि हळूहळू फिरव, मग केसासारखे ओरखडे दिसतात. केसासारखे असतील तर काळजी नको, चालवून बघ आणि तसा फोटो टाक. नखाला लागतोय असा ओरखडा असंल तर तसं लिहून टाक. आणि हे फार महत्त्वाचं, कुणीतरी यूट्यूबवर दाखवलंय म्हणून टूथपेस्ट लावू नको. सीडीच्या जमान्यात ते चालून जायचं कारण सीडीत खालच्या बाजूनं माहितीचा थर १.२ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर, म्हणजे वरनं थोडं घासलं तरी खाली प्लास्टिक शिल्लक. पीएस४ ची डिस्क ब्लू-रे, तिचा थर फक्त ०.१ मिलिमीटर आत, आणि त्याच्यावर एक कडक कोटिंग असतं. टूथपेस्टनं घासलास की ते कोटिंगच जातं, मग डिस्क चकचकीत दिसणार आणि मशीन तिला थुंकून बाहेर टाकणार. माझ्याकडं अशी एक आहे, आरशासारखी चमकते, चहाच्या कपाखाली ठेवतो.

किंमत ठरवताना लोकांनी काय मागितलंय ते बघू नको, मागायला काय जातंय. तीन-चार आठवड्यांपासून तशीच पडलेली जाहिरात म्हणजे ती किंमत चुकीची आहे एवढंच समज. नवी डिस्क आज सेलमध्ये कितीला मिळतीय ते आधी बघ आणि तिच्या बरंच खाली उतर, कारण माणूस कुणातरी अनोळखी पोराकडनं डिस्क घ्यायला सायकल-गाडी काढून येणार, त्याला त्यात काहीतरी सुटायला पाहिजे का नको? आणि हो, ज्याला "लास्ट" विचारायचंय तो विचारणारच, तेवढे शंभर-दीडशे आधीच वर धरून ठेव.

जाहिरात साधी लिही: "गॉड ऑफ वॉर, पीएस४, पीएस५ वर पण चालतो. पहिला मालक मीच, पूर्ण खेळून झालाय. डिस्कवर दोन बारीक ओरखडे, फोटो ३ बघा, गेम कुठंही अडकत नाही. डबा कोपऱ्यात चिरलाय. राजारामपुरीत भेटून चेक करून घ्या, गुरुवार सोडून संध्याकाळी ६ नंतर." गुरुवार सोडून का ते तू ठरव, पण असं लिहिलं की समोरच्याला वाटतं इथं खरा माणूस बसलाय.

पोरगं पुण्याला नोकरीला लागलंय. माळ्यावर त्याच्या कॉम्प्युटर गेमच्या डीव्हीडीचा खोका निघाला, ३० तरी असतील, सगळ्या ओरिजिनल बिलासकट. भंगारवाला किलोवर मागतोय. ऑनलाइन टाकल्या तर पैसे येतील ना? — एक आई, कसबा बावडा

ताई, सांगायला जिवावर येतंय, पण बहुतेक डीव्हीडींचे नाही येणार. डबा उघडून बघा, आत एक कागद असंल आणि त्यावर आकडे-अक्षरांचा लांबलचक कोड. तुमच्या पोरानं तो कोड एकदा कॉम्प्युटरवर टाकला की तो गेम त्याच्या नावाच्या अकाउंटला कायमचा चिकटला. आता ती डीव्हीडी म्हणजे लग्न झाल्यावरची पत्रिका, आठवण म्हणून ठेवा, दाखवून जेवण मिळत नाही. स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानातनं घेतलेल्या गेमचं तर तेवढंही नाही, तिथं विकायला हातात काही नसतंच. फ्रान्समध्ये ग्राहकांच्या एका संघटनेनं यावर कोर्टात केस टाकली होती, की पैसे मोजलेत तर पुढं विकायचा हक्क पण पाहिजे. २०१९ ला पॅरिसच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि २०२२ ला वरच्या कोर्टानं तो फिरवला. म्हणजे ते पण परत आपल्याच रांगेत.

तरी खोका लगेच देऊ नका. त्यातनं खूप जुन्या, साधारण २००७-०८ च्या आधीच्या डीव्हीडी आणि सीडी वेगळ्या काढा, ज्यांना इंटरनेट लागत नव्हतं. ईएचा क्रिकेट ०७ असंल तर नक्की काढा, त्याच्यानंतर त्या कंपनीनं क्रिकेटचा गेम कॉम्प्युटरसाठी काढलाच नाही आणि पोरं अजून तोच खेळतात. डब्यासकट, पुस्तिकेसकट असंल तर हौसेनं घेणारा भेटतो. बाकीचं किलोवर. आणि पोराला आधी एक फोन करा हां, विकल्यावर नको.

मी माझा पीएस४ आणि ६ गेम एका साइटवर टाकले होते. दहा मिनिटात एकाचा मेसेज, मी मिलिटरीत आहे, पोस्टिंग बेळगावला, घासाघीस नको, तुमची किंमत मान्य. आयकार्डचा फोटो पाठवला. म्हणाला पैसे आत्ता पाठवतो, माझा माणूस येऊन घेऊन जाईल. क्यूआर कोड पाठवला आणि आधी ५ रुपयांचा स्कॅन करा म्हणाला, केला तर १० रुपये आले. मग मोठा कोड स्कॅन केला आणि ८,००० गेले. परत फोन केला तर म्हणाला चुकून झालं, परत एक कोड पाठवतो, तोवर अक्कल आली होती. आता काय? — इचलकरंजी

आधी "आता काय" याचं. हे वाचत असाल तेव्हा उशीर झालेला असंल, पण दुसऱ्यांसाठी लिहितो. पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला १९३० ला फोन, हा सायबर फ्रॉडचा देशभराचा नंबर आहे, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. हातात व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, चिडून चॅट डिलीट करू नका. बँकेला पण लगेच कळवा. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात थांबवता येतात, ते पुढं पळाले की मग शोधत बसा. "लोक काय म्हणतील" म्हणून दोन दिवस घालवले की गेले. तुमच्याकडं उशीर झाला असला तरी तक्रार कराच, तो आयडी आणि नंबर नोंदीत तरी येतो.

आता झालं कसं ते बघा, कारण हा डाव जुना आहे आणि तरी रोज एकजण सापडतो. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक. आपल्या कोल्हापुरात पाच रुपयांच्या कोथिंबिरीला घासाघीस करतात आणि हा माणूस वापरलेला पीएस४ न बघता, न विचारता, तुमच्या किमतीला घेतोय? तिथंच घंटी वाजायला पाहिजे होती. मिलिटरीचं नाव का घेतात, तर आपल्याकडं घरटी नाही पण गावटी तरी फौजी असतो, त्या कपड्याबद्दल मनात मान असतो, शंका घ्यायचीच लाज वाटते. खरा जवान त्याचं आयकार्ड अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवत बसत नाही, तो फोटो कुणाच्या तरी चोरलेल्या कार्डाचा असतो.

आणि ते ५ चे १० आले ना, तो चारा. त्यानं तुमच्या डोक्यात बसवलं की कोड स्कॅन केला की पैसे येतात. पैसे घ्यायला आपल्याला काहीच करायला लागत नाही, स्कॅन नाही, पिन नाही, ओके नाही. पिन टाकायला सांगितला म्हणजे पैसे आपल्या खिशातनं निघालेत, मग समोरचा काहीही सांगू दे. पूर्वी हेच लोक "पैसे मागणारी रिक्वेस्ट" पाठवायचे आणि आपण ती पैसे आल्याची समजून पिन टाकायचो. ती माणसानं माणसाला पाठवायची रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद केलीय, म्हणून आता सगळा जोर क्यूआरवर आलाय.

अजून एक नवीन सुरू झालंय, पैसे आल्याचा खोटा स्क्रीनशॉट किंवा बँकेसारखा दिसणारा एसएमएस. "चुकून २,००० चे २०,००० गेले, १८ परत टाका." मेसेज बघू नका, स्वतःचं बँकेचं ॲप उघडा आणि बॅलन्स बघा. मी तर समोर माणूस उभा असला तरी बघतो. त्याला राग आला तर आला.

मला माझा निन्टेन्डो स्विच आणि ५ गेम विकायचेत. जाहिरातीवर माझं नाव दिसतंय म्हणून गेम सोडून बाकीचंच विचारतात. घरी कुणाला बोलवायचं नाहीय. कुठं भेटू? — नागाळा पार्क

पहिलं म्हणजे नंबर जाहिरातीतनं काढा, बोलणं त्या साइटच्या चॅटमध्येच ठेवा, आणि जो गेमचं नाव न घेता "हाय" म्हणतो त्याला उत्तरच देऊ नका. ब्लॉक करायला कमीपणा वाटून घेऊ नका. माझ्या बहिणीनं तिची जाहिरात माझ्या नावानं टाकली होती, पण खरं सांगायचं तर हे तुम्हाला करायला लागणं हेच चुकीचं आहे.

भेटायचं दिवसा, वर्दळीत, आणि बरोबर कुणीतरी. स्विच हातात धरून चालतो त्यामुळं प्लग-टीव्हीची भानगड नाही, दाभोळकर कॉर्नरकडं एखाद्या कॅफेत बसून दहा मिनिटात चेक होतो. रंकाळ्यावर म्हणाल तर वारं, भेळ आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही, नको. चार्ज पूर्ण करून न्या. घेणाऱ्याला प्रत्येक कार्ट्रिज (गेमचं छोटं कार्ड) घालून गेम सुरू झालेला दाखवा, दोन्ही बाजूचे कंट्रोलर काढून-लावून दाखवा, आणि कंट्रोलरची काडी (जॉयस्टिक) हात न लावता आपोआप सरकत असंल तर आधीच सांगा, तो दोष सगळ्यांना माहितीय. ती इवलीशी कार्ट्रिज हरवतात म्हणून डब्यातच ठेवा. (ती चाटून बघू नका. लहान पोरांनी तोंडात घालू नये म्हणून कंपनीनं मुद्दाम कडू रसायन लावलंय. मला कसं माहिती ते विचारू नका.)

पैसे ॲपमध्ये आलेले दिसल्याशिवाय हातातनं सोडू नका, "घरी जाऊन टाकतो" चालत नाही.

पुण्याचं गिऱ्हाईक आहे, म्हणतोय ट्रॅव्हल्सनं पाठव, मिळाल्यावर पैसे देतो. मी म्हणतोय आधी पैसे. गाडी अडलीय. — शाहूपुरी

दोघंही बरोबर आहेत म्हणून अडलीय. मोठी वस्तू, म्हणजे कन्सोल (गेमचं मशीन) वगैरे असंल, तर मी सांगीन पाठवूच नको, पुण्यात कुणी ओळखीचा असंल तर त्याच्या हातनं दे, कोल्हापूर-पुणे काय रोज कोणतरी जातंयच. एखाद-दुसरी डिस्क असंल तर निम्मे आधी, निम्मे पार्सलचा नंबर दिल्यावर. ट्रॅव्हल्सनं पाठवलेलं पार्सल पहाटे स्वारगेटला कुणाच्या हातात पडलं याचा कागद कुणाकडंच नसतो, त्यापेक्षा स्पीड पोस्ट बरं, त्याचा माग काढता येतो. रजिस्टर पोस्ट विचारायला जाऊ नको, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय.

पॅकिंग करताना डिस्क डब्यातनं सुटून आत खुळखुळणार नाही हे बघ, डब्यात वरनं टिश्यूची घडी घाल, बबलवाला कागद, मग पुठ्ठा. सगळं करताना मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ, डिस्कच्या मागच्या बाजूपासून चिकटपट्टीपर्यंत. आणि त्याला सांग, उघडताना तू पण कर. आमच्या वेळी पुस्तकं व्ही.पी.नं यायची, पोस्टमन दारात, पैसे दिले की पार्सल हातात, कुणाचा कुणावर विश्वास लागायचाच नाही.

माझ्या पीएस अकाउंटवर २५ डिजिटल गेम आहेत. आयडी-पासवर्डसकट अकाउंट विकता येईल का? टेलिग्रामवर खूपजण विकतात. — शिवाजी पेठ

नाही. कंपनीच्या नियमातच ते बसत नाही, कळलं तर अकाउंट बंद. आणि व्यवहार पण कच्चा, विकणारा महिन्यानं पहिल्या ईमेलवरनं अकाउंट परत ओढून घेऊ शकतो, म्हणून शहाणं गिऱ्हाईक घेतच नाही आणि येडं घेतं ते नंतर भांडत येतं.

डिस्क घेतलेली असती तर हा प्रश्नच आला नसता. २०१३ ला मायक्रोसॉफ्टनं त्यांच्या एक्सबॉक्स वन या मशीनसाठी आधी असं जाहीर केलेलं की जुना गेम दुसऱ्याला द्यायचा तर कंपनीच्या अटी. सोनीनं लगेच एक इवलासा व्हिडिओ काढला, "पीएस४ वर गेम शेअर कसा करायचा", एक साहेब दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, तो थँक्यू म्हणतो, संपला. लोक एवढे हसले की जूनच्या १९ तारखेला मायक्रोसॉफ्टनं ते नियमच मागं घेतले. गंमत अशी की आज तीच सोनी डिस्क न लागणारा पीएस५ विकते आणि आपण तो चार पैसे स्वस्त म्हणून घेतो. घेताना स्वस्त, विकताना शून्य, हिशोब करून बघ.

पोरगं बारावीला आहे, ओएलएक्सवरनं जुने गेम घेतं आणि थोडे वर लावून विकतं. महिन्याला ३-४ हजार सुटतात म्हणतं. हे कायदेशीर आहे का? टॅक्स बसतो का? — एक वडील, गडहिंग्लज

बारावी आहे म्हणालात, मला त्याचीच जास्त काळजी वाटतीय, पण असो. स्वतःचा वापरलेला गेम विकला तर ती घरातली वापरातली वस्तू, त्यावर टॅक्सचा काही प्रश्न नाही. नियमित घेऊन-विकून नफा काढला तर तो धंदा आणि ते उत्पन्न, पण एवढ्या आकड्याला टॅक्स लागायला अजून फार वेळ आहे. नुसता वहीत हिशोब ठेवायला सांगा, कुठून घेतला, कितीला, कुणाला दिला.

दोन गोष्टी मात्र बघा. एक, कॉपी केलेल्या डिस्क नाहीत ना, प्लास्टिकच्या पिशवीत मार्करनं नाव लिहिलेल्या, त्या विकणं सरळ गुन्हा आहे. दोन, कन्सोल घेत असंल तर बिल आणि सिरीयल नंबर जुळवून घ्यायला लावा. बिल नाही, चार्जर नाही, किंमत निम्मी, आणि विकणाऱ्याला घाई, असा माल चोरीचा निघाला तर घेणाराही पोलीस स्टेशनला उभा राहतो, "मला माहीत नव्हतं" म्हणायला आधी बिल मागितलेलं असायला लागतं. आणि पैसे त्याच्या खात्यावर येत असतील तर अनोळखी लोकांचे "माझ्या मित्राच्या नंबरवरनं टाकतो" असले पैसे घेऊ देऊ नका, ते फ्रॉडचे निघाले तर खात्यावर होल्ड लागतो आणि कॉलेजची फी भरायच्या दिवशी ते कळतं.

पीएस४ विकण्याआधी गेम डिलीट केले की झालं ना? — उद्यमनगर

नाही झालं. हे मी स्वतः भोगलंय. माझा पहिला पीएस४ विकला तेव्हा गेम डिलीट केले, फडक्यानं पुसला, दिला. तिसऱ्या दिवशी मिसळ खात बसलोय आणि मोबाइलवर मेसेज, कार्डावरनं पैसे कटले. अकाउंट तसंच चालू, कार्ड आत सेव्ह. घेणाऱ्याच्या आठ-नऊ वर्षांच्या पोरानं बटणं दाबत दाबत फुटबॉलचे पॉइंट घेतले होते. बाप चांगला माणूस, स्वतः येऊन पैसे देऊन गेला, पण सगळे तसे नसतात.

तेव्हा क्रम असा. आधी सेव्ह फाइल (गेममध्ये कुठवर पोचलोय त्याची नोंद) पेनड्राइव्हवर घ्या. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट मॅनेजमेंट, तिथं "प्रायमरी पीएस४" असतं ते डीॲक्टिव्हेट करा. मग इनिशियलायझेशनमध्ये जाऊन इनिशियलाइज पीएस४, आणि क्विक नाही, फुल. त्याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा, मध्येच लाइट जाणार नाही अशी रात्र निवडा. पीएस५ असंल तर सेटिंग्ज, सिस्टम, सिस्टम सॉफ्टवेअर, रीसेट ऑप्शन्स. आणि डिस्क आत राहिली नाही ना ते बघा, अर्धी लोकं हेच विसरतात.

घरी २००८ च्या आसपास घेतलेला पीएस२ आहे, चिप बसवलेला, दोन मेमरी कार्ड आणि एक कंट्रोलर. चालू आहे. याला काय मिळेल का? — जयसिंगपूर

पीएस२ जगात १६ कोटींवर विकला गेलाय, त्यामुळं दुर्मिळ म्हणून भाव येईल असं समजू नका. चिप बसवलेला म्हणजे कॉपी डिस्क चालवलेला, हौशी लोक न उघडलेलाच मागतात. पण चालू आहे म्हणताय, तर विकायच्या आधी ती मेमरी कार्ड घालून बघा. ८ एमबीची असतात, आजचे चार-पाच फोटो पण मावणार नाहीत, पण त्यात बघा कुणाचे सेव्ह आहेत. माझ्या राजारामपुरीतल्या गेम पार्लरमध्ये तासाला १० रुपयांवर पीएस२ चालायचे, बंद केलं तेव्हा कार्डं एका डब्यात टाकून दिली होती. गेल्या वर्षी एक घालून बघितलं, शाळेतल्या पोरांनी स्वतःच्या नावाच्या क्रिकेट टीम केलेल्या, अकरा खेळाडूंची नावं म्हणजे अख्खी गल्ली. त्यातला ओपनर आता बँकेत मॅनेजर आहे, त्याला फोटो पाठवला तर दोन मिनिटं काही टाइप करत होता आणि मग नुसता "नाद खुळा" आला.

बघून झाल्यावर विकायचाच असंल तर दुसरीकडं टाकू नका, मला कळवा. दुसरा कंट्रोलर शोधा तेवढा.